इंजिनाचे अंतरंग आणि वनजिल्ह्यांतील वाहतूक

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील वनजिल्हे होत. जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनांनी व्यापलेला आहे. रेल्वेने दीर्घकाळ या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, देसाईगंज (वडसा) येथे, केवळ स्पर्श केला. गडचिरोलीहून सिरोंचा गाठावयाचे तर सुमारे दोनशे किलोमीटर अंतर रस्त्यानेच कापावे लागते. शिधावाटप दुकानाचे धान्य, टपाल, शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, मतदान यंत्रे आणि अडलेली बाळंतीण या सर्वांची वाट शेवटी मोटारवाहनाच्या चाकांखालूनच जाते.

अशा प्रदेशात वाहन बंद पडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. तथापि ‘वाहन नादुरुस्त’ एवढा त्रोटक शेरा नोंदवहीत लिहून आपण बहुधा मोकळे होतो. वाहन का बंद पडले, ते टळले असते काय, हे प्रश्न चालकावर आणि मिस्त्रीवर सोपविले जातात. वास्तविक वाहनाच्या देखभालीसाठी खर्च मंजूर करणारे अधिकारी, ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरविषयी निर्णय घेणारे सदस्य आणि विद्यार्थ्यांना यंत्रांचा परिचय करून देणारे शिक्षक यांनाही इंजिनाचे कार्य समजणे आवश्यक आहे. ते समजण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण लागत नाही. इंजिनाला पाच गोष्टी लागतात : स्वच्छ हवा, स्वच्छ इंधन, घट्ट दाब, वंगण आणि थंडावा. आपल्या भागातील धूळ, ऊन आणि पूर या पाचांवरच आघात करतात. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

आत पेटणारा अग्नी

चंद्रपूरनजीकच्या दुर्गापूर येथील महाऔष्णिक विद्युत केंद्र पुष्कळांनी पाहिले असेल. तेथे कोळसा भट्टीत जळतो, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पुढे जाऊन जनित्राची चक्रे फिरविते. म्हणजे अग्नी एका ठिकाणी आणि काम दुसऱ्या ठिकाणी. जुनी वाफेची आगगाडीही याच तत्त्वावर चालत असे. यास बाह्यज्वलन म्हणतात. मोटारीच्या इंजिनात मात्र इंधन जेथे काम करावयाचे तेथेच, म्हणजे सिलिंडरच्या आतच, जळते. म्हणून त्यास अंतर्ज्वलन इंजिन हे नाव पडले. वाफ तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही, बाष्पकाची अवजड टाकी वाहावी लागत नाही. त्यामुळे हे इंजिन जीपमध्ये, ट्रॅक्टरमध्ये किंवा शेताच्या बांधावरील पंपावर सहज बसविता येते.

सिलिंडर ही एक बंद नळी होय. तिच्यात दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खालीवर सरकतो. दट्ट्याला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) खालच्या वाकड्या दंडाला, म्हणजे क्रँकशाफ्टला, फिरवितो. सायकलच्या पायट्यावर पाय खालीवर होतो आणि चाक मात्र गोल फिरते, तसाच हा प्रकार आहे. सिलिंडरच्या माथ्यावर झडपा असतात. काही झडपा हवा आत घेतात, काही धूर बाहेर सोडतात.

दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एक चक्र पुरे होते. पहिल्या फेरीत दट्ट्या खाली येतो व हवा आत ओढली जाते. दुसऱ्या फेरीत झडपा मिटतात, दट्ट्या वर जातो व हवा दाबली जाते. तिसऱ्या फेरीत इंधन पेटते आणि तापून फुगलेले वायू दट्ट्याला जोराने खाली लोटतात. चौथ्या फेरीत दट्ट्या पुन्हा वर जाऊन जळके वायू बाहेर घालवितो. या चार फेऱ्यांपैकी कामाची एकच. उरलेल्या तीन फेऱ्या पार पाडण्यासाठी क्रँकशाफ्टला जोडलेले जड गतिचक्र आपल्या वेगाने दट्ट्याला ओढून नेते. हे चतुर्फेरी तत्त्व जर्मनीतील निकोलस ओटो यांनी १८७६ मध्ये व्यवहारात यशस्वी करून दाखविले. इंजिन मिनिटाला दोन हजार वेळा फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला एक हजार वेळा, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा वेळा, इंधन पेटते. कानाला जो अखंड आवाज येतो तो या छोट्या स्फोटांची माळ असते.

पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम झालेले सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते आणि तिचे तापमान पाचशे ते सातशे अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत सोडला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी आउग्सबुर्ग येथे १८९७ मध्ये असे इंजिन यशस्वी केले. महाराष्ट्रात १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली आणि पुढे डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. डिझेल इंजिनाचे सारे बळ दाबात आहे. दट्ट्यावरील कड्या झिजल्या किंवा झडपा नीट मिटेनाशा झाल्या, की दाब उतरतो, हवा पुरेशी तापत नाही आणि हिवाळ्याच्या पहाटे गाडी सुरू होण्यास कुरकुर करते. पहाटेची कुरकुर हा म्हाताऱ्या इंजिनाचा पहिला इशारा समजावा.

हवा आणि धूळ

इंजिन डिझेल पिते हे सर्वांस दिसते. ते हवा किती घेते, हे मात्र दिसत नाही. एक लिटर डिझेल पूर्णपणे जाळण्यास किमान बारा किलोग्रॅम, म्हणजे सुमारे दहा हजार लिटर, हवा लागते. प्रत्यक्षात डिझेल इंजिन याहूनही अधिक हवा ओढते. आता मे महिन्यातील तेंदूपत्त्याच्या हंगामाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मुरमाच्या रस्त्यावर पुढे एक ट्रक धुळीचे लोट उडवीत चालला आहे व मागील वाहन त्याच लोटातून श्वास घेत आहे. त्या धुळीतील वाळूचे कण लोखंडासही घासून काढतात. ते सिलिंडरमध्ये शिरले तर कड्या आणि भिंती कानशीने घासाव्यात तशा झिजतात. हे थोपविण्याचे काम हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर, करते.

गाळणी धुळीने भरली की इंजिन गुदमरते. हवा अपुरी, म्हणून डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो आणि इंधनाचा खर्च वाढतो. गाडी ‘तेल खाते’ अशी तक्रार आली तर प्रथम गाळणी पाहावी. काही ठिकाणी गाळणी काढून टाकून गाडी चालविण्याचा उपाय योजला जातो. त्याने गाडीस तात्पुरता जोर येतो, परंतु इंजिनाचे आयुष्य झपाट्याने घटते. डांबरी रस्त्यांसाठी ठरविलेली गाळणी बदलण्याची मुदत कच्च्या रस्त्यांच्या तालुक्यांत पाळून चालत नाही. ती तेथे बरीच अगोदर बदलणे आवश्यक असते. हा खर्च मंजूर करताना अधिकाऱ्यांनी हात आखडता घेऊ नये. गाळणीची किंमत इंजिनाच्या दुरुस्तीपुढे नगण्य आहे.

इंधनातील पाणी

हल्लीच्या डिझेल इंजिनांत इंधन हजार-दीड हजार वातावरणांहूनही अधिक दाबाने, केसाएवढ्या छिद्रांतून फवारले जाते. अशा नाजूक भागांस पाण्याचा एक थेंबही बाधक ठरतो. अर्धवट रिकाम्या टाकीत पावसाळ्यातील दमट हवा शिरते, रात्री टाकी गार झाली की तिच्या भिंतींवर दव धरते आणि ते पाणी तळाशी साचते. म्हणून मुक्कामावर येताच सायंकाळी टाकी भरून ठेवण्याची सवय हितकारक होय. पिंपातून किंवा कॅनमधून डिझेल भरण्याची वेळ आली तर ते काही काळ स्थिर ठेवून, तळाचा गाळ न ढवळता, गाळून घ्यावे. इंधनाच्या गाळणीखाली साचलेले पाणी सोडण्याची चावी असते. ती पावसाळ्यात वरचेवर उघडून पाहिली पाहिजे.

भारत स्टेज-६ ही उत्सर्जनाची मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. तेव्हापासूनच्या डिझेल वाहनांत काजळी अडविणारी एक चाळण धुराच्या मार्गात असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी ती चाळण बरीच तापावी लागते. वाहन सदैव दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत, मंद वेगानेच फिरत राहिले तर चाळण तुंबते व फलकावर दिवा लागतो. अशा वेळी वाहनाच्या माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ते मोकळ्या रस्त्यावर काही काळ सलग चालविल्यास चाळण बहुधा मोकळी होते. दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास मात्र कार्यशाळेची वाट धरावी लागते.

उन्हाळ्यातील परीक्षा

इंधन जळते त्या क्षणी सिलिंडरमधील वायूंचे तापमान दोन हजार अंशांच्या घरात जाते. दट्ट्या ज्या धातूच्या मिश्रणाचा असतो, ते अॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांवर वितळते. तरीही दट्ट्या वितळत नाही, कारण सिलिंडरभोवती खेळणारे पाणी उष्णता सतत वाहून नेते व रेडिएटरमध्ये ती हवेच्या स्वाधीन करते. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश ते दोन-पंचमांश एवढीच चाकांच्या कामी येते. उरलेली धुरावाटे व या पाण्यावाटे निघून जाते.

रेडिएटरचे काम पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. इंजिनातील पाणी ९० अंशांवर आहे असे धरू. हिवाळ्यात हवा १५ अंशांवर असेल तर फरक ७५ अंशांचा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४६ अंशांवर गेला की फरक ४४ अंशांवर येतो. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात तोच रेडिएटर जवळजवळ दोन-पंचमांश कमी उष्णता टाकतो. त्यातच जाळीत गवताचे तुरे, पाने आणि किडे अडकले असतील तर इंजिन तापणारच. उन्हाळ्यापूर्वी ही जाळी मंद धारेने धुणे, पंख्याचा पट्टा तपासणे आणि पाण्यात योग्य प्रमाणात कुलंट घालणे, एवढी तयारी बहुतेक वेळी पुरते.

तापलेल्या गाडीचे झाकण लगेच उघडू नये. झाकणाखालील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि ते एकदम उसळून हात व चेहरा भाजतो. गाडी सावलीत उभी करून ती पूर्ण निवेपर्यंत थांबणे हाच मार्ग होय.

वंगणाचे महत्त्व याहून वेगळे नाही. फिरणारे धातू एकमेकांस प्रत्यक्ष टेकत नाहीत. त्यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ पडदा असतो. तो पडदा तेलाच्या दाबावर टिकतो. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा चालत्या गाडीत लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ असा विचार करू नये. इंजिन तेथेच बंद करावे. पडदा फाटल्यावर इंजिन निकामी होण्यास काही मिनिटे पुरतात.

चाकांपर्यंतचा प्रवास

इंजिनाचे बळ चाकांपर्यंत तसेच्या तसे नेऊन भागत नाही. मंद गतीने फिरणारे इंजिन दुबळे असते आणि जड गाडी जागची हलविण्यास तर सर्वांत अधिक जोर लागतो. यासाठी गिअरपेटी असते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन पुष्कळ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. वेग कमी, परंतु जोर अधिक. पहारीने धोंडा उलथविताना हात बराच सरकतो व धोंडा थोडाच हलतो, त्यातलाच हा न्याय. क्लच इंजिन व गिअरपेटी यांना जोडतो अथवा विलग करतो. क्लचवर विनाकारण पाय ठेवून गाडी चालविल्यास त्याच्या तबकड्या घासून जातात. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे तर धोक्याचेच, कारण मग सर्व भार ब्रेकवर पडतो व ते तापून निकामी होतात. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीस आवरून धरते.

वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी रचना म्हणजे डिफरन्शियल. पक्क्या रस्त्यावरील ही सोय चिखलात अडचण ठरते. एक चाक घसरू लागले की तेच गरगरते व दुसरे स्तब्ध राहते. अशा वेळी जोराने ॲक्सिलरेटर दाबल्याने चाक खोल रुतते. चाकाखाली फांद्या किंवा दगड घालून हळूहळू बाहेर पडावे. दुर्गम भागातील वाहनांस चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा का हवी, याचे उत्तर येथेच मिळते.

रपट्यावरील पाणी

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांच्या संगमावरील भामरागडचा पावसाळ्यात वरचेवर संपर्क तुटत आला आहे. २०१९ च्या पावसाळ्यात त्या गावात अनेकदा पुराचे पाणी शिरले. इतरत्रही लहानमोठ्या नाल्यांवरील रपटे काही तास पाण्याखाली जातात. ‘गाडी निघेल काय?’ हा प्रश्न तेथे वारंवार उभा राहतो. त्याचे उत्तर अंदाजाने न देता पदार्थविज्ञानाच्या आधारे द्यावे.

प्रथम तरंगण्याचा विचार करू. चार मीटर लांब व पावणेदोन मीटर रुंद गाडीच्या तळाचे क्षेत्र सात चौरस मीटर होते. तळाच्या वर तीस सेंटिमीटर पाणी चढले आणि ते आत शिरले नसेल, तर गाडीने दोन घनमीटरहून अधिक पाणी बाजूला सारलेले असते. त्या पाण्याचे वजन दोन टनांहून अधिक, म्हणजे गाडीच्या वजनाएवढेच. गाडी उचलली जाऊ लागते, चाकांची पकड सुटते आणि प्रवाह तिला बाजूला लोटतो. सुमारे साठ सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी बहुतेक लहान वाहनांस वाहून नेऊ शकते. गाडी भारी आहे म्हणून ती सुरक्षित आहे, ही समजूत चुकीची ठरते.

दुसरा धोका इंजिनाचा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग अवश्य करून दाखवावा. पिचकारीत हवा भरून तिचे तोंड बोटाने बंद करावे व दट्ट्या दाबावा. तो बराच आत जातो. पिचकारीत पाणी भरून तेच करावे. दट्ट्या जागचा हलत नाही. आता अडीच लिटर क्षमतेच्या चार सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाचा हिशेब करू. प्रत्येक सिलिंडरमध्ये दट्ट्या ६२५ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. दाबाचे प्रमाण अठरास एक असेल, तर दट्ट्या अगदी वर गेल्यावर माथ्याशी केवळ ३७ घनसेंटिमीटर पोकळी उरते. हवेच्या नळीतून त्याहून अधिक पाणी, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे, आत गेले की दट्ट्या अडतो. बाकीचे सिलिंडर आणि गतिचक्र त्याला वर ढकलीतच असतात. परिणामी मधला दांडा वाकतो किंवा मोडून इंजिनाची भिंत फोडतो.

म्हणूनच पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. स्टार्टर मारू नये, गाडी गिअरमध्ये टाकून ढकलूही नये. न्यूट्रलमध्ये ओढून बाहेर काढावी. मिस्त्रीकडून इंजेक्टर किंवा हीटर प्लग काढून इंजिन फिरवावे, म्हणजे आतील पाणी निघून जाते. तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळले असे समजून ते बदलावे. डिफरन्शियलचे तेलही तपासावे, कारण तापलेला भाग एकदम गार पाण्यात गेला की तो आतील हवा आकसून पाणी ओढून घेतो. उथळ पाण्यातून सुखरूप बाहेर पडल्यावरही ब्रेक ओले असतात. मंद वेगात ते हलके दाबून वाळवावेत.

नियोजनाचे स्थान

यंत्राची मर्यादा ओळखली की नियोजनाचे महत्त्व कळते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. परंतु पुराचे पाणी कोणत्याही क्रमांकास जुमानत नाही. प्रसूतीचे दिवस जवळ आलेल्या मातांना आरोग्य केंद्राजवळ आधीच मुक्कामास आणणारी ‘माहेरघर’ योजना याच जाणिवेतून आदिवासी भागात राबविली गेली. रपट्यावरून गाडी घालण्याचे धाडस टाळावयाचे असेल, तर गाडीची गरज पडण्यापूर्वीच माणूस सुरक्षित स्थळी असला पाहिजे.

ग्रामपंचायतींनी मृग नक्षत्रापूर्वी काही गोष्टी कराव्यात. कोणता रपटा किती पावसात बुडतो याची नोंद ठेवावी. रपट्याच्या दोन्ही टोकांस खोली दर्शविणारे, दुरून वाचता येतील असे खांब रंगवून घ्यावेत. नाल्याच्या दोन्ही तीरांवर कोणती वाहने मिळू शकतील व त्यांचे चालक कोण, ही यादी आरोग्य केंद्रात, शाळेत आणि पोलीस पाटलांकडे असावी. अधिकाऱ्यांनी वाहनाच्या नोंदवहीत किलोमीटर व इंधन यांच्याबरोबरच गाळणी, वंगण आणि कुलंट बदलल्याच्या तारखाही लिहून घ्याव्यात. ‘वाहन नादुरुस्त’ या शेऱ्यापुढे कारण लिहिण्याची प्रथा पडली, तर एकच बिघाड पुनःपुन्हा का होतो हे वर्षभरात उघड होईल.

चालकाच्या मताला मान देणे हेही याच नियोजनाचे अंग आहे. पाणी उतरेपर्यंत थांबावे असे चालक म्हणत असेल, तर मागील आसनावरील अधिकाऱ्याने किंवा पदाधिकाऱ्याने ‘चल, काही होत नाही’ असा आग्रह धरू नये. सिलिंडरच्या माथ्याशी उरणारी ती ३७ घनसेंटिमीटरची पोकळी कोणाचाही हुद्दा पाहत नाही. थांबलेली गाडी दोन तासांनी पुढे जाऊ शकते. दांडा मोडलेली गाडी मात्र कार्यशाळेत पडून राहते आणि ऐन पावसाळ्यात त्या परिसरातील गावे तेवढे दिवस वाहनाविना राहतात.